धाकटा कंट्रोलर

ठाण्याहून कल्याणकडे निघालेली धिमी लोकल कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर अशी एकेक स्थानके मागे टाकीत डोंबिवलीस येते आणि ठाकुर्लीवरून कल्याण गाठते. या प्रवासात मोटरमनचा हात ज्या मुठीवर असतो, तिला कंट्रोलर म्हणतात. मूठ दाबून धरलेली असेल तोवरच गाडीला शक्ती मिळते. हात सुटला की शक्ती तुटते व ब्रेक लागतात. गाडी हाकणाऱ्यास एकाएकी भोवळ आली तरी उतारूंच्या जिवास धोका पोहोचू नये, अशी ही योजना आहे. येथे मूठ आणि तिचे काम यांचा संबंध पक्का बांधलेला आहे. तो कोणास लहरीप्रमाणे बदलता येत नाही, हेच बरे.

याच नावाचे एक धाकटे उपकरण हल्ली पुष्कळ घरांत संगणकाशेजारी दिसते. खेळणारा ते दोन्ही हातांत धरतो. अंगठ्यांसाठी त्यावर दोन लहान दांड्या, उजवीकडे चार बटणे, तर्जनींखाली दोन चाप आणि डावीकडे फुलीच्या आकाराचे एक बटण असते. ही फुली जपानच्या निंटेंडो कंपनीतील गुन्पेई योकोई यांनी 1982 साली एका हातात मावणाऱ्या खेळासाठी योजिली, आणि पुढे ती जगभर रूढ झाली.

मोटरमनच्या मुठीहून या उपकरणाचे वेगळेपण असे, की त्याच्या बटणास स्वतःचा अर्थ नसतो. बटण दाबले असता ते संगणकाला 'उडी मार' असे सांगत नाही. 'पहिले बटण दाबले गेले' एवढेच कळविते. त्यावरून उडी मारावयाची की दार उघडावयाचे, हे खेळ ठरवितो. मराठी टंकलेखन शिकणाऱ्यास हे नवे वाटणार नाही. इनस्क्रिप्ट पद्धतीत, ज्या बटणावर रोमन 'जे' छापलेला असतो, ते दाबले की पडद्यावर 'र' उमटतो. जपानमध्ये सोनीच्या प्लेस्टेशनवर वर्तुळाचे बटण 'होय'साठी आणि फुलीचे 'नको'साठी वापरीत. 2020 साली पाचवे प्लेस्टेशन आले आणि तेथेही फुली म्हणजे 'होय' झाली. बटणे तीच राहिली, संकेत मात्र पालटला.

म्हणून कंट्रोलर नीट चालेनासा झाला, तर प्रथम दोष कोठे आहे हे पाहावे. विंडोज प्रणालीत 'जॉय डॉट सीपीएल' ही आज्ञा दिली असता परीक्षेची खिडकी उघडते. एकेक बटण दाबावे. त्याचा क्रमांक उजळतो. येथे क्रमांक उजळला, पण खेळात काही घडले नाही, तर बटण निर्दोष असून त्यास नेमून दिलेले काम चुकले आहे, असे समजावे. क्रमांक उजळलाच नाही, तर तार किंवा बॅटरी तपासावी आणि तेच उपकरण दुसऱ्या संगणकास जोडून पाहावे. एवढे केल्यावाचून नवे विकत घेण्याची घाई करणे म्हणजे पैशांचा अपव्यय होय.

दांडीची परीक्षा याहून नाजूक असते. हात काढून घेतल्यावर खिडकीतील खूण मध्यभागी स्थिर राहिली पाहिजे. ती आपोआप एकीकडे सरकत असेल, तर आतील भाग झिजला आहे असा संशय घ्यावा. पुष्कळ दांड्यांखाली विजेचा रोध बदलणारी एक पट्टी असते आणि तिच्यावर धातूचा स्पर्शक सतत घासतो. काही नव्या कंट्रोलरांत त्याऐवजी चुंबक वापरतात. एडविन हॉल यांनी 1879 साली शोधलेल्या परिणामावर ती रचना चालते, आणि तेथे घासण्याचा प्रश्न उरत नाही. एक्सबॉक्सच्या पद्धतीत दांडीची स्थिती −32768 पासून 32767 पर्यंतच्या आकड्यांनी कळते. मध्याजवळचे लहान आकडे खेळाने मानू नयेत, असेही ठरविता येते. मायक्रोसॉफ्टने डाव्या दांडीसाठी ही मर्यादा 7849 सुचविली आहे. ती वाढविली म्हणजे सरकणे दिसेनासे होते. परंतु त्याबरोबर हलक्या हाताने दिलेले वळणही हरपते. ही दुरुस्ती नव्हे, झाकपाक होय.

दोष उपकरणात नसेल, तर बटणांची कामे नव्याने नेमून द्यावीत. स्टीमसारख्या कार्यक्रमांत ही सोय असते. कित्येकांस हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न वाटेल. पण ज्या मुलाच्या उजव्या हातात बळ नाही, त्याच्यापुढे उजवीकडची चार बटणे म्हणजे बंद दारच. उडीचे काम डाव्या चापास दिले, की तो त्याच खेळात बरोबरीने उतरतो. अशा खेळाडूंसाठी मायक्रोसॉफ्टने 2018 साली दोन मोठ्या बटणांचा एक सपाट कंट्रोलर काढला. त्यास मागील बाजूने 19 निरनिराळी बटणे व पायपट्ट्या जोडता येतात, त्यामुळे गुडघ्याने किंवा कोपरानेही आज्ञा देता येते. त्याआधी, 2017 साली, एक्सबॉक्सवर आणखी एक सोय झाली होती. दोन कंट्रोलर मिळून एकच मानले जातात. एक भावंड दांडी फिरविते, दुसरे बटणे दाबते, आणि पडद्यावर धावणारा गडी एकच असतो.