लग्न जमावं म्हणून वाचतात ती पोथी

आजचं वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध १०, अध्याय ५२, श्लोक २१ ते ४४. वेळ असेल तर अध्याय ५३ पण वाचून घ्या, एका बैठकीत होतो.



आजची कथा आमच्याकडची आहे. वर्ध्याहून आर्वीला जायचं, तिथून पुढे वर्धा नदी ओलांडली की पलीकडच्या काठावर अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर लागतं. भागवतातलं कुंडिनपूर ते हेच, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. हे रुक्मिणीचं माहेर. आषाढीला तिथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला निघते ती याच नात्याने, लेकीला भेटायला. माझं घर सिंदी मेघेचं, म्हणजे वर्धा शहराला अगदी चिकटून. त्यामुळे आमच्या घरी रुक्मिणीबद्दल बोलताना 'जगन्माता' हा शब्द उशिरा यायचा. आधी 'आपल्याकडची मुलगी' असंच यायचं.

आणि आमच्याकडेच नाही, सगळ्या महाराष्ट्रात एक पद्धत आहे. मुलीचं लग्न लांबलं की घरातलं कुणीतरी मोठं माणूस सांगतं, रुक्मिणीस्वयंवराचं पारायण कर. एकनाथमहाराजांनी हा ग्रंथ काशीत पूर्ण केला, शके १४९३ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७१. त्यांचं एकनाथी भागवतही पुढे दोनच वर्षांनी काशीतच पूर्ण झालं. अठरा प्रसंगांचा हा ग्रंथ साडेचारशे वर्षं लग्न जमण्यासाठी वाचला जातोय.

आता गंमत बघा. ज्या पोथीने लग्न लवकर जमावं अशी श्रद्धा आहे, ती पोथी घरच्यांनी जमवलेलं लग्न मोडणाऱ्या मुलीची आहे. स्थळ पक्कं झालेलं, मुहूर्त ठरलेला, पाहुणे येऊन उतरायला लागलेले, आणि ही मुलगी दुसऱ्याच मुलाला पत्र पाठवते. हे कुणी पारायणाच्या आधी सांगत नाही!

नीट वाचलं तर शिशुपाल हे काही वाईट स्थळ नव्हतं, निदान बायोडाटावर तरी. चेदी देशाचा राजपुत्र, रुक्मिणीच्या मोठ्या भावाचा मित्र, मागे जरासंधासारखा बलाढ्य माणूस उभा. शिवाय तो श्रीकृष्णाचा सख्खा आत्तेभाऊ, म्हणजे कुळाचाही प्रश्न नाही. भीष्मक राजाला पाच मुलगे आणि ही एक मुलगी. नातेवाइकांच्या मनात मुलगी कृष्णाला द्यायची होती. थोरला रुक्मी अडून बसला. कृष्णाचा द्वेष हे त्याचं एकमेव कारण. पुढच्या अध्यायात शुकमुनी स्पष्टच म्हणतात की भीष्मक मुलाच्या प्रेमापायी शिशुपालाला कन्या द्यायला तयार झाला. मुलीच्या लग्नाचा निर्णय झाला, आणि त्यात मुलाचा राग होता, बापाची माया होती, फक्त मुलगी नव्हती. हे वाचताना मला द्वापरयुग फार लांब वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे ओळख ते साखरपुडा (आम्ही विदर्भात साक्षगंध म्हणतो) हा रस्ता साधारण असा असतो: बायोडाटा, फोटो, पोहे, गच्चीवर वीस मिनिटं, 'मग काय कळवायचं?', आणि तारीख. रुक्मिणीचा क्रम पूर्ण उलटा आहे. तिने आधी ऐकलं. घरी येणाऱ्याजाणाऱ्यांकडून मुकुंदाचं रूप, पराक्रम, गुण ऐकले आणि मनाशी ठरवलं की हाच आपल्याला योग्य पती. हा २३ वा श्लोक. लगेच २४ व्यात तिकडे द्वारकेत कृष्णानेही तिची बुद्धी, औदार्य, रूप, शील यांचा विचार करून तिच्याशीच लग्न करायचं ठरवलेलं आहे. दोघं अजून भेटलेले नाहीत. ठरलेलं मात्र दोन्हीकडे आहे, आणि एकमेकांना ते माहीत नाही. मग निरोप. मग उत्तर. मग वाट पाहणं. आणि सगळ्यात शेवटी, लग्नाच्या आदल्या दिवशी, पहिली भेट.

'न पाहता कसं ठरवलं?' असं वाटेल. पण भक्तिमार्गात श्रवण पहिलं आहे, दर्शन नंतर. नवविधा भक्तीची सुरुवातच तिथून होते. आणि ऐकणं म्हणजे एकदा ऐकून भाळणं नाही. अनेकांकडून, अनेकदा, गुण ऐकणं आणि ते आपल्या मनाशी ताडून बघणं. आपल्याकडे उलट होतं. दर्शन पहिल्या मिनिटाला, ते पण फिल्टर लावून, आणि श्रवण लग्नानंतर.

आता ते पत्र. श्लोक ३७ ते ४३, फक्त सात श्लोक. लोक याला जगातलं पहिलं प्रेमपत्र वगैरे म्हणतात. मला त्या वर्णनाचा थोडा कंटाळा येतो, कारण त्यात पत्राची खरी ताकद निसटते. शांतपणे वाचा. पहिल्या श्लोकात ती सांगते की तुझे गुण ऐकून माझं मन लाज सोडून तुझ्याकडे आलं. दुसऱ्यात कारणं: कुळ, शील, रूप, विद्या, वय, संपत्ती, प्रभाव, या सगळ्यांत तुझ्यासारखा तूच. तिसऱ्यात निर्णय: मी तुला पती म्हणून वरलं आहे. इथे 'तुला चालेल का' असा सूर नाही, 'मला काय हवं ते मी सांगते आहे' असा आहे. चौथ्यात आजवर केलेलं व्रत, दान, देव-गुरूंची पूजा ती या एका मागणीसाठी पणाला लावते.

पाचवा आणि सहावा श्लोक मात्र माझ्यासारख्या दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला थक्क करतात. लग्न उद्यावर आलंय, ती सांगते. आधी गुपचूप ये, मग सेनापतींसह ये, चेदी आणि मगधाच्या सैन्याला हरव आणि राक्षसविधीने मला ने. आणि मग ती त्याची शंका स्वतःच मांडते: तू म्हणशील, अंतःपुरातल्या मुलीला तिच्या भावाबंदांना मारल्याशिवाय कसं न्यायचं? तर ऐक. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवतेची मोठी यात्रा असते, नवरी नगराबाहेर गिरिजेच्या देवळात जाते. तिथून ने. वेळ, जागा, अडचण, अडचणीवरचा उपाय, सगळं दोन श्लोकांत. आमच्या टीममध्ये इतकं स्वच्छ डिझाईन डॉक्युमेंट मी क्वचित पाहिलंय.

यात अजून एक गोष्ट आहे. राक्षसविवाह म्हणजे स्मृतींतल्या आठ प्रकारांपैकी बळाने पळवून नेण्याचा प्रकार. इथे ते बळ कुणावर वापरायचं हे नवरीच ठरवते आहे. म्हणून 'रुक्मिणीहरण' हा शब्द मला अर्धाच खरा वाटतो. हरण भावाच्या नजरेतून. तिच्या नजरेतून ते स्वयंवरच, आणि नाथांनी ग्रंथाला नाव देताना तिची नजर निवडली.

सातव्या श्लोकाबद्दल मात्र जपून बोलायला हवं. तुझी कृपा झाली नाही तर व्रतांनी देह झिजवून प्राण सोडीन, शंभर जन्म लागले तरी चालतील, असं ती लिहिते. हे भगवंताला उद्देशून केलेलं भक्ताचं म्हणणं आहे. याची नक्कल करून कुणी माणसाला 'तू नाही म्हणालास तर मी जिवाचं बरंवाईट करीन' असा मेसेज करत असेल, तर ते रुक्मिणीचं अनुकरण नाही, समोरच्याचा गळा धरणं आहे. आणि खरंच तशी वेळ कुणावर आली असेल तर पोथी बाजूला ठेवा आणि आधी जवळच्या माणसाला फोन करा. जीव राहिला तर पारायण होईल.

या सगळ्याचा आज इतका विचार का, तर गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचं साक्षगंध ठरलं. ती नागपूरला बँकेत आहे, मावशी सिंदी मेघेतच. मुलगा चांगला, घर चांगलं, नाव ठेवायला जागा नाही. एक भेट झाली, पोह्यांची. दुसऱ्या दिवशी फोनाफोनी, आठवड्यात हॉल बुक. मावशीने तिला सांगितलं, आता निर्विघ्न पार पडावं म्हणून रुक्मिणीस्वयंवर वाच. तिने मला विचारलं, "दादा, काय आहे रे त्यात?" मी तिला या सात श्लोकांचा अर्थ लिहून पाठवला. दोन दिवस काही नाही. मग मेसेज आला: "हिला तो का हवाय ते माहीत होतं. मला तर का हवाय ते पण माहीत नाही आणि का नको ते पण नाही."

मी म्हटलं, मग हेच घरी सांग. 'नाही' म्हणायची गरज नाही, 'अजून माहीत नाही' हे पण उत्तर असतं. तिने काकांना सांगितलं. फोनवर नाही, शनिवारी गाडी पकडून घरी येऊन, समोर बसून. काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच मुलाच्या वडिलांना फोन लावला. त्यानंतर ती दोघं दोनदा भेटली आहेत, हॉलची तारीख पुढे गेली आहे, आणि ॲडव्हान्सचे पैसे अडकलेत. मावशी सध्या माझ्याशी कामापुरतं बोलते.

थांबणं म्हणजे मोडणं, अशी आपल्याकडे भीती असते. त्यावर मला आमच्या शेजारचीच एक गोष्ट आठवते. सेवाग्राम सिंदी मेघेहून जवळच. आंध्रातले निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा यांची मुलगी मनोरमा आणि दलित समाजातले अर्जुनराव यांचं लग्न ठरत होतं. गांधीजींचा या लग्नाला पूर्ण पाठिंबा होता, तरी त्यांनी दोन वर्षं थांबायला सांगितलं. अर्जुनराव सेवाग्राम आश्रमात येऊन राहिले. वधूचं घर देव न मानणारं, म्हणून विधीत ईश्वराच्या जागी सत्य म्हणायलाही गांधीजी तयार झाले. ती दोन वर्षं पुरी होता होता गांधीजीच गेले. लग्न मात्र मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामलाच लागलं. रुक्मिणीच्या हातात एक दिवस होता, यांच्या हातात दोन वर्षं. दोन्हीकडे मधला काळ रिकामा गेला नाही, एवढंच मला दिसतं.

रुक्मिणीचा तो मधला काळ ५३ व्या अध्यायात आहे, आणि मला वाटतं हा सगळ्या कथेतला सगळ्यात माणसाचा भाग आहे. पत्र घेऊन ब्राह्मण गेलाय (नाथांच्या ग्रंथात त्याचं नाव सुदेव). द्वारकेत कृष्ण त्याला सांगतो की मलाही तिच्या विचाराने रात्री झोप नाही. रथ जोडला जातो, आनर्तातून विदर्भात एका रात्रीत पोचतो. पण हे तिला कुठे माहीत? ती इकडे रात्रभर जागी. ब्राह्मण अजून का नाही आला? त्यांना माझ्यात काही उणं दिसलं का? देव माझ्यावर रुसलेत का? इतकं ठाम पत्र लिहिणारी मुलगी उत्तर येईपर्यंत स्वतःवरच शंका घेते. मेसेजखाली दोन निळ्या रेघा दिसून पण उत्तर न आलेल्या प्रत्येकाला ही रात्र कळेल. म्हणजे ठाम असणं आणि धास्तावणं एकाच माणसात एकाच रात्री असू शकतं, आणि भागवताला त्यात काही विसंगती वाटत नाही.

ब्राह्मण परत येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरूनच तिला कळतं. त्याला द्यावं असं काहीच तिला सुचत नाही, त्या बातमीच्या तोडीचं काही नसतंच. ती फक्त नमस्कार करते.

मग पायी, मौन धरून, अंबिकेच्या देवळात. (कौंडण्यपूरचे लोक म्हणतात ते आमच्याकडचं देऊळ, अमरावतीकर म्हणतात आमची अंबादेवी. या वादात मी वर्ध्याचा माणूस पडत नाही.) पूजा झाल्यावर मौन सोडून, मैत्रिणीचा हात धरून ती बाहेर येते. आणि चालता चालता डाव्या हाताच्या बोटांनी कपाळावरची बट बाजूला करून ती जमलेल्या राजांकडे बघते, आणि तिथे तिला तो दिसतो. ही त्यांची पहिली भेट. बोलणं एका शब्दाचंही नाही. पत्रात सगळं बोलून झालेलं होतं.

आज वाचताना एवढं करून बघा: ते सात श्लोक अर्थासह स्वतःच्या हाताने वहीत उतरवा. ज्यांच्या घरी सध्या स्थळं बघणं चालू आहे त्यांनी दुसऱ्या श्लोकाखाली थोडी जागा सोडा आणि तिथे स्वतःची कारणं लिहा. सात नाही, तीन लिहिली तरी चालतील. कुणाला दाखवू नका.

उद्या अध्याय ५४: रुक्मी पाठलाग करतो, हरतो, आणि ज्या भावाने हे सगळं घडवलं त्याच्याच जिवासाठी रुक्मिणी कृष्णाचे पाय धरते.