लोखंडाचं बिट, लाकडाचं दार

ओझरात फिटर शोधावा लागत नाही. १९६४ साली इथं मिग विमानांचा कारखाना आला, तेव्हापासून गावात आणि टाउनशिपमध्ये धातूकामात हयात घालवलेली माणसं आहेत. निवृत्तीनंतरही त्यांच्याकडे ड्रिल मशीन आणि हायस्पीड स्टीलच्या बिटांची डबी जपून ठेवलेली असते. दाराला कडी नाहीतर हँडल बसवायचं म्हटलं, की ही मंडळी सुताराची वाट बघत नाहीत. मी सुतार. मला बोलावणं येतं ते बहुतेकदा त्यानंतर. आणि माझा अनुभव असा, की नवशिक्यापेक्षा सराईत हातच दार जास्त बिघडवतो.

असेच एक काका हताश होऊन म्हणाले, "मिस्तरी, आयुष्य गेलं भोकं पाडण्यात, आणि हे दार फाटलं बघा!" मॉर्टिस कुलपासाठी दाराच्या कडेत १६ मि.मी.चं भोक हवं होतं. काकांनी कारखान्याच्या शिस्तीनं आधी ४, मग ८, मग १२चं बिट चालवलं आणि शेवटी १६चं चपटं बिट घातलं. लोखंडाला ही रीत बरोबर आहे. पण चपट्या बिटाला मधोमध अणी असते. ती लाकडात रुतते आणि बिटाला जागेवर धरते. आधीच भोक पाडून ठेवलं, की अणीला रुतायला लाकूडच उरत नाही. बिट भरकटतं, हाताला हिसका देतं. दार ३२ मि.मी. जाड, भोक १६चं, म्हणजे दोन्ही अंगांना जेमतेम ८-८ मि.मी. उरतात. काकांचं भोक एका अंगाला सरकलं होतं आणि तिथली लिपिंगची पट्टी उभी चिरली होती.

म्हणून सांगतो, कुलूप आधी घ्या, बिटं नंतर. खोक्यात कागदी टेम्प्लेट असतं, ते फेकू नका. गोल मुठीच्या कुलपाला दाराच्या अंगावर बहुधा ५४ मि.मी.चा होल सॉ लागतो आणि कडेत २२ ते २५चं चपटं बिट. आधी अंगावरचं भोक, मग कडेचं. होल सॉ सावकाश फिरवा आणि मधलं बिट पलीकडे डोकावलं की थांबा. उरलेलं काम दुसऱ्या बाजूनं करा, म्हणजे सनमायकाचे टवके उडत नाहीत. मॉर्टिसला पेटीची जाडी मोजून तेवढ्याच मापाचं बिट घ्या. भोकं एका रेषेत, शेजारी शेजारी पाडा. एकात एक घुसवलीत तर अणी पुन्हा पोकळीत जाते. मधलं लाकूड पटाशीनं काढा. खोलीसाठी बिटावर चिकटपट्टी गुंडाळली की पुरे.

चौकट कशाची आहे तेही बघा. पत्र्याची असेल तर तिथं काकांचंच खरं: सेंटर पंच, आधी लहान बिट, मग मोठं, आणि थेंबभर तेल. सिमेंटच्या चौकटीला कार्बाइडच्या टोकाचं बिट आणि हॅमर चालू. ग्रॅनाइटला बिट तेच, पण हॅमर बंद, नाहीतर तडा जातो.

सागवानी चौकटीत पितळी स्क्रू थेट पिळू नका, त्याची मान तुटते. ८ नंबरच्या स्क्रूला आधी ३ मि.मी.चं भोक पाडा, त्याच मापाचा लोखंडी स्क्रू साबण लावून एकदा आत-बाहेर करा, मग पितळी बसवा.

आणि कुठल्याही बिटाचं पहिलं भोक दारात नको, फळीच्या टाकाऊ तुकड्यात पाडा. सालपटं निघाली तर धार ठीक आहे. नुसती पूड पडली आणि जळका वास आला, तर ते बिट दाराजवळ नेऊच नका.