अमेरिकी नागरिकत्व : बोटांच्या ठशांचे किती मोजायचे?

ग्रीन कार्डाची पाच वर्षं भरत आली की पहिली चौकशी होते ती बायोमेट्रिक्सच्या फीची. ही फी आता वेगळी लागतच नाही. पूर्वी अर्जाचे ६४० आणि ठशांचे ८५, असे ७२५ डॉलर पडत. १ एप्रिल २०२४ पासून एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज ऑनलाइन भरल्यास ७१० आणि कागदावर भरल्यास ७६० डॉलर लागतात. ठसे, फोटो, सही सगळं त्यातच आलं. एखाद्या एजंटाने बिलात 'बायोमेट्रिक्स' म्हणून निराळी रक्कम लावली, तर ती कशाची हे त्याला जरूर विचारा.

सवलतीकडे मात्र आपली मंडळी उगाच पाठ फिरवतात. घराचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या चौपटीपर्यंत असेल, तर फी ३८० डॉलर. चौपट म्हणजे चौघांच्या कुटुंबाला वर्षाला लाख डॉलरच्या वर! एकाच पगारावर चालणारी कितीतरी घरं यात बसतात. अट एवढीच, की सवलतीसाठी अर्ज कागदावरच करावा लागतो.

ठसे द्यायला जाताना बोलावण्याचं पत्र आणि ग्रीन कार्ड बरोबर ठेवा. काम थोड्या वेळाचं असतं, पण केंद्र लांब असेल तर अर्ध्या दिवसाची रजा धरून चाला. जमणार नसेल तर तारीख उलटण्याआधीच बदलून घ्या. न कळवता गैरहजर राहिलात, तर अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं आणि भरलेली फी परत मिळत नाही. घर बदललं असेल तर दहा दिवसांत पत्ता कळवा. ते फुकट आहे. पूर्वी कधी कधी जुनेच ठसे वापरले जात आणि बोलावणं येत नसे. फी तेवढीच राहत असे.

वयस्कर आई-वडिलांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. ठसे नापास झाले तर दुसऱ्यांदा बोलावतात, त्याचे पैसे नाहीत. पुन्हा नापास झाले तर पोलिसांचे दाखले मागतात, आणि तो खर्च मात्र आपल्या खिशातून.

ग्रीन कार्डाची मुदत संपत आली म्हणून आधी नूतनीकरणाचे ४१५ डॉलर भरण्याची घाई करू नका. एन-४०० ची पोचपावती जुन्या कार्डासोबत ठेवली, की कार्डाची मुदत चोवीस महिने वाढलेली धरतात.