जळजळ थांबली म्हणजे

"मला काही त्रास नाही" हे वाक्य आम्हा मधुमेहींच्या तोंडी इतकं रुळलंय की त्यामागचं गृहीतक आम्हाला दिसतच नाही. बिघडलं तर शरीर सांगेलच, असं आपण धरून चालतो. पण वाढलेली साखर निरोप पोचवणाऱ्या नसांनाच पोखरते, आणि तीही बहुधा सर्वांत लांबच्या, म्हणजे पावलांच्या नसांपासून. आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते. पुढे काहींची आग आपोआप शमते आणि घरचे म्हणतात, बरं झालं. औषधाने शमली असेल तर उत्तमच. पण काहीच न करता शमली असेल, तर ती नस निकामी झाल्याची खूण असू शकते. या आजारातलं सर्वांत क्रूर मला हेच वाटतं. मग चपलेतला खडा टोचत नाही, ब्लेडने कुरूप कापताना लागलेलं कळत नाही, शेकताना पोळलेलं फोड दिसल्यावर समजतं. त्यात पायाचा रक्तपुरवठा घटलेला असला, तर एवढीशी जखम चिघळत हाडापर्यंत जाते.

साखर आटोक्यात आहे, मग पाय कशाला तपासायचे, असं विचारलं जातं. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्या. हा फायदा मोठा आहे, गोळ्या सोडायला इथे कसलीही सबब नाही; पण धोका उरतोच. शिवाय त्या अभ्यासात निदानाच्या वेळीच अनेकांच्या डोळ्यांच्या पडद्यावर बिघाड आढळला होता. नुकसान निदानाची वाट पाहत नाही.

दुसरा आक्षेप सवयीचा: शेतात अनवाणीच वावरतो, नवरात्रात नऊ दिवस चप्पल घालत नाही. श्रद्धेला मी बोल लावत नाही. पण सवय कातडीला होते, आणि बधिर तळव्याला तापल्या डांबराची धग कळणार नाही. म्हणून रोज रात्री आरसा धरून तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, चप्पल झटकून घालावी, पाण्याची ऊब कोपराने जोखावी. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांपुढे पाय उघडे करावेत; नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून ते संवेदना तपासतात, काही मिनिटांत होतं. आणि पाय लाल, गरम, सुजलेला किंवा काळपट दिसला तर तो दुखत नसला तरी त्याच दिवशी दाखवावा.