ठेवावे, विकावे की बदलावे?
घरच्या सुतारकामातील विजेच्या हत्यारांचा विचार

हौसेने किंवा जोडधंदा म्हणून घरी सुतारकाम करणाऱ्यापुढे काही वर्षांनी एक प्रश्न हमखास उभा राहतो. विजेचा रंधा पूर्वीसारखा चालत नाही, गोल करवत कुरकुरते, आणि बाजारात तर बॅटरीवर चालणारी नवी यंत्रे आलेली असतात. अशा वेळी जुने ठेवावे, विकावे की वरच्या प्रतीचे घ्यावे? प्रश्न घरगुती खरा. पण त्यात अर्थशास्त्र आहे, विद्युतशास्त्र आहे आणि आपल्या हाताची बोटेही आहेत.

डभोईचा धडा

बडोद्याजवळचे डभोई इतिहासाच्या विद्यार्थ्यांस १७३१ च्या बाजीराव-दाभाडे लढाईमुळे ठाऊक असते. त्याच डभोईपासून मियागामपर्यंत १८६२ मध्ये गायकवाडी राज्यात अडीच फुटी रेल्वे सुरू झाली. गाडी ओढायला बैल होते! पुढच्याच वर्षी इंजिनाचा प्रयोग झाला. पण रूळ हलके होते. १८७३ मध्ये अधिक मजबूत रूळ टाकल्यावर मार्ग इंजिनांच्या योग्यतेचा झाला. तात्पर्य, यंत्र बदलण्यापूर्वी ते ज्यावर चालायचे तो पाया तपासावा.

घरच्या कामात हा पाया म्हणजे वायरिंग. २३० व्होल्टवर १२०० वॉटची करवत सुमारे ५ अँपिअर प्रवाह घेते. २००० वॉटचे यंत्र जवळजवळ ९. असे यंत्र ६ अँपिअरच्या प्लगवर लावणे म्हणजे हलक्या रुळावर इंजिन घालणे होय. त्यास १६ अँपिअरचा प्लग, जाड तार आणि नीट अर्थिंग हवे.

हत्याराची परीक्षा

मोटरीतून ठिणग्या उडतात म्हणून यंत्र मोडीत काढू नये. पुष्कळदा केवळ कार्बन ब्रश झिजलेले असतात आणि ते थोडक्या पैशांत बदलता येतात. आवाज खरखरीत झाला असल्यास बेअरिंग पाहावे. आर्मेचर जळाले असेल, तर मात्र दुरुस्तीचा आणि नव्या यंत्राचा खर्च ताडून पाहणे भाग आहे. बॅटरीच्या यंत्रात आणखी एक मेख असते. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्राला बसत नाही, आणि वापर नसला तरी तिची शक्ती वर्षागणिक घटते.

हिशेब

पूर्वी मोजलेली किंमत विसरावी. तो बुडीत खर्च आहे. खरा प्रश्न असा : हे हत्यार आज माझ्याकडे नसते, तर विक्रीच्या भावाने मी ते घेतले असते काय?

समजा, जुना रंधा २००० रुपयांस विकला जाईल, दुरुस्तीस ९०० लागतील आणि तो आणखी चार वर्षे टिकेल. शेवटी त्याची किंमत शून्य धरू. म्हणजे ठेवण्याचा वार्षिक खर्च २९०० भागिले ४, अर्थात ७२५ रुपये. भाड्याचा रंधा दिवसास २५० रुपयांना मिळत असेल, तर वर्षातून दोनच दिवस काम असणाऱ्याने जुना विकावा. तीन किंवा अधिक दिवस असल्यास ठेवावा. नवा १२००० रुपयांचा आणि दहा वर्षे टिकणारा धरल्यास वार्षिक १२०० पडतात. वरच्या ४७५ रुपयांइतका वेळ, सफाई किंवा सुरक्षितता मिळत असेल, तरच तो घ्यावा.

हिशेबापलीकडे

एका बाबतीत मात्र गणित चालत नाही. गोल करवतीचे झाकण आपोआप मिटत नसेल, तर ती दुरुस्त होईपर्यंत वापरू नये, आणि दोष लपवून विकूही नये. आपले बोट वाचवून दुसऱ्याचे धोक्यात घालणे हा व्यवहार नव्हे. लाकडाची बारीक धूळ कर्करोगास कारणीभूत ठरते, हेही आता सिद्ध झाले आहे. म्हणून हाती थोडेच पैसे असतील, तर मोठ्या मोटरीआधी धूळ ओढण्याची सोय आणि चांगला मास्क घ्यावा.

डभोईपासून जवळच असलेल्या संखेड्याचे सागवानी फर्निचर प्रसिद्ध आहे. तेथील कारागिराची ओळख खरादावर घडवलेला पाया आणि त्यावर चढवलेला लाखेचा रंग यांमुळे आहे, खराद किती नवा यामुळे नव्हे. हत्यार बदलता येते. हात मात्र घडवावाच लागतो.

स्वाध्याय : आपल्या घरातील एखादे यंत्र घेऊन वरील पद्धतीने त्याचा वार्षिक खर्च काढा, आणि ते ठेवावे की विकावे याचा निर्णय कारणांसह लिहा.