नमुना आणि अर्जदार
(स्वपरिचयपत्र-लेखनाचा पाठ : प्राथमिक शाळेतील वरच्या इयत्तांसाठी)

खेड्यातील शिक्षकाकडे शाळेच्या वेळेबाहेर जी कामे येतात, त्यांत अर्ज लिहून देण्याचे काम फार जुने आहे. पूर्वी तो अर्ज बहुधा तगाईचा, विहिरीचा किंवा सातबाऱ्यावरील नोंदीचा असे. आता नोकरीसाठी स्वतःची माहिती सांगणारा कागद, म्हणजे बोलीत ज्याला 'बायोडाटा' म्हणतात ते स्वपरिचयपत्र, घेऊन गावातील तरुण शाळेत येतात. भ्रमणध्वनीवर ह्याचे तयार नमुने हवे तितके मिळतात. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानातही ते काढून देतात. तरुण नमुना घेतो, त्यातील नाव बदलतो आणि पाठवून देतो. नमुन्याचा उपयोग कोठवर करावा आणि तो कोठे बाजूला ठेवावा, हे प्राथमिक शाळेतच शिकविले पाहिजे. जो मुलगा किंवा मुलगी लवकर कामाला लागते, तिला हे सांगणारे पुढे कोणी भेटेलच असे नाही.

नमुना ही जुनी सोय

नमुन्यावरून लिहिणे ह्यात कमीपणा काही नाही. गुजरातेत मध्ययुगात तयार झालेल्या 'लेखपद्धति' ह्या संस्कृत संग्रहात दानपत्रे, कर्जरोखे व खाजगी पत्रे ह्यांचे नमुने दिलेले आहेत. मिथिलेतील कवी विद्यापती ह्यानेही 'लिखनावली' ह्या नावाने पत्रांचे नमुने लिहून ठेवले. महाराष्ट्रात हेमाडपंताच्या नावाशी जोडलेल्या मेस्तकांतून कोणाला कोणता मायना लिहावा, हे कारकून शिकत. मोडीचे वळणही मुले कित्ता गिरवूनच बसवीत.

परंतु कित्त्याचा खरा हेतू शिक्षकांना ठाऊकच आहे. कित्ता गिरवावयाचा तो हात वळावा म्हणून. हात वळला की कित्ता मिटावयाचा आणि कोऱ्या कागदावर आपला मजकूर लिहावयाचा. स्वपरिचयपत्राच्या नमुन्याचेही तसेच आहे. नमुना मांडणी देतो : नाव व पत्ता कोठे, शिक्षण कोणत्या क्रमाने, अनुभव कसा, सही कोठे. मजकूर मात्र तो देऊ शकत नाही, कारण मजकूर अर्जदाराच्या आयुष्यात असतो.

विहित नमुना व मार्गदर्शक नमुना

येथे एक भेद मुलांच्या मनावर प्रथमच ठसवावा. सरकारी भरती, शिष्यवृत्ती, बँकेचे कर्ज ह्यांसाठी जो छापील किंवा संगणकावरील अर्ज असतो, तो विहित नमुना होय. त्यात रकाने बदलता येत नाहीत, क्रम बदलता येत नाही आणि आवश्यक रकाना कोरा ठेवता येत नाही. नाव व जन्मतारीख दाखल्यावर व प्रमाणपत्रावर जशी आहेत तशीच लिहावी लागतात. एका अक्षराचा फरक पुढे अडचणीचा ठरतो. ह्या ठिकाणी शब्दशः पालन हाच गुण आहे.

खाजगी कारखाना, दुकान, दवाखाना किंवा संस्था ह्यांच्याकडे पाठविण्याचे स्वपरिचयपत्र मात्र मार्गदर्शक नमुन्यावरून लिहितात. त्यात आपल्याला न लागणारा रकाना काढून टाकता येतो आणि लागणारा नवा घालता येतो. पुष्कळ तरुण नेमकी उलट चूक करतात : विहित नमुन्यात स्वातंत्र्य घेतात आणि मार्गदर्शक नमुन्यापुढे मान तुकवितात.

नेहमी आढळणारे दोष

पहिला दोष, दुसऱ्याचा मजकूर तसाच राहणे. दुकानातील संगणकावर मागच्या गिऱ्हाइकाच्या कागदावरच नवे नाव घातले जाते आणि वडिलांचे नाव, गुण किंवा दूरध्वनी क्रमांक मागच्याचाच राहतो. मुलाखतीचे बोलावणे मग भलत्याच घरी जाते. ह्याच कारणासाठी आपले काम संपल्यावर आपला कागद त्या संगणकावरून पुसून घेण्यास सांगावे. मागितल्याखेरीज आधार क्रमांक अशा कागदावर लिहू नये.

दुसरा दोष, विवाहासाठीच्या परिचयपत्राचा नमुना नोकरीसाठी वापरणे. दोघांनाही 'बायोडाटा' हेच नाव पडल्याने हा घोटाळा होतो. रास, नक्षत्र, वर्ण, मामाचे गाव ह्या गोष्टींचा नोकरी देणाऱ्यास काहीही उपयोग नाही.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. नमुन्यात लिहिले आहे म्हणून 'इंग्रजीवर प्रभुत्व', 'संगणकाचे उत्तम ज्ञान' अशी वाक्ये उतरविली जातात, आणि शेवटी वरील सर्व माहिती खरी असल्याचे प्रतिज्ञापन करून खाली सही केली जाते. सही करणाऱ्याने ते वाक्य वाचलेलेही नसते. सरकारी भरतीत माहिती खोटी आढळल्यास निवड रद्द होते. नेमणूक झाल्यावर ते उघडकीस आले तर नोकरीही जाऊ शकते. फसविण्याचा हेतू नव्हता, नमुन्यात तसे होते, हे सांगून सुटका होत नाही.

चौथा दोष सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हानी मात्र त्यानेच सर्वांत मोठी होते. नमुना शहरातील कार्यालयीन नोकरी डोळ्यांपुढे ठेवून केलेला असतो. त्यात 'छंद' ह्या रकान्यात वाचन व संगीत असते. पण दोन वर्षे दूध संकलन केंद्रावर मापे व फॅट नोंदविणाऱ्या मुलीसाठी, बचत गटाचे हिशेब लिहिणाऱ्या सुनेसाठी किंवा ठिबक सिंचनाचा संच जोडू शकणाऱ्या मुलासाठी त्यात जागा नसते. रकाना नाही म्हणून ती माणसे आपले खरे ज्ञान लिहीतच नाहीत आणि 'अनुभव : नाही' असे लिहून मोकळी होतात. आपल्याला काही येत नाही, असे त्यांना तो नमुनाच पटवून देतो.

एक जुने उदाहरण

इटलीतील थोर चित्रकार लिओनार्दो दा विंची ह्याने इ. स. १४८२ च्या सुमारास, तिशीच्या उंबरठ्यावर असताना, मिलानचा सत्ताधारी लुडोव्हिको स्फोर्झा ह्याच्याकडे काम मागण्यासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्या काळी इटलीतील राज्ये परस्परांशी लढत होती. लिओनार्दोने पत्रात क्रमवार कलमे घातली : हलके व मजबूत पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढणे, भुयारे, तोफा, आच्छादित गाड्या. शांततेच्या काळातील इमारती, पाण्याचे पाट, शिल्प आणि चित्रकला ही त्याने शेवटी लिहिली. ज्या कलेने पुढे त्याचे नाव जगभर झाले, ती त्याने अखेरच्या ओळींत ठेवली, कारण वाचणाऱ्याची तातडीची गरज दुसरी होती. आणि ह्यांपैकी काही अशक्य वाटल्यास आपण ते प्रत्यक्ष करून दाखविण्यास तयार आहोत, असेही त्याने नमूद केले. त्यानंतर इ. स. १४९९ पर्यंतची त्याची बहुतेक वर्षे मिलानमध्येच गेली.

ह्या पत्रातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत : वाचणाऱ्याच्या गरजेनुसार क्रम, मोघम स्तुतीऐवजी नेमकी कामे, आणि सिद्ध करून दाखविण्याची तयारी.

पाठाची मांडणी

पहिला तास : नमुना अजिबात दाखवू नये. प्रत्येक मुलाने घरी, शाळेत व गावात स्वतः केलेली पाच कामे लिहावीत. प्रत्येक कामापुढे किती दिवस केले, काय मोजले किंवा नोंदविले, आणि ते कोणी पाहिले, हे लिहावे. शाळेची परसबाग, वाचनपेटी, बालसभा, घरची जनावरे, काहीही चालेल. 'मला काही येत नाही' म्हणणाऱ्या मुलास शिक्षकांनी प्रश्न विचारावेत. उत्तर सांगू नये.

दुसरा तास : फळ्यावर दोन काल्पनिक जाहिराती लिहाव्यात. एक दूध संकलन केंद्रावरील नोंदणी मदतनिसाची, दुसरी रोपवाटिकेतील मदतनिसाची. आता साधा नमुना दाखवावा. मुलांनी आपल्या मोठ्या भावंडाचे स्वपरिचयपत्र दोन्ही जागांसाठी वेगवेगळे लिहावे. माणूस एक, पण कोणती गोष्ट वर जाते आणि कोणती खाली, हे त्यांच्या आपोआप लक्षात येते.

वाक्य कसे सुधारावे, ह्याचे एक उदाहरण फळ्यावर द्यावे. नमुन्यातील वाक्य : 'मी मेहनती, प्रामाणिक व जबाबदार आहे.' सुधारलेले वाक्य : 'गावच्या दूध संकलन केंद्रावर दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ दुधाचे माप व फॅट ह्यांची नोंद ठेवली.' दुसऱ्या वाक्यात मेहनत व जबाबदारी हे शब्द नाहीत, तरी दोन्ही गुण त्यात दिसतात.

तिसरा तास : कागदांची अदलाबदल करून तपासणी. प्रत्येक ओळीस तीन प्रश्न विचारावेत. हे खरे आहे काय? हे ह्याच माणसाचे आहे काय, की कोणाच्याही कागदावर चालेल? विचारल्यास ते दाखविता येईल काय? जी ओळ ह्या तिन्ही प्रश्नांत उतरत नाही, ती खोडावी. कागद एका पानाचा झाला तरी पुरे. शेवटी प्रतिज्ञापनाचे वाक्य मोठ्याने वाचून घ्यावे आणि मगच सही करावी.

शिक्षकांसाठी सूचना

गावातील तरुण अर्ज घेऊन येतात, तेव्हा वेळ वाचावा म्हणून शिक्षक स्वतःच मजकूर घालून देतात. त्यात सद्भाव असतो. पण मुलाखतीत त्या मजकुराविषयी प्रश्न विचारला जातो तो तरुणाला, आणि तेथे शिक्षक त्याच्या शेजारी नसतात. म्हणून मजकूर त्याच्याच तोंडून काढावा, त्याच्याच हातून लिहवून घ्यावा आणि नंतर केवळ शुद्धलेखन तपासावे. ह्यास अर्धा तास अधिक लागतो. परंतु 'अनुभव : नाही' असे लिहून आलेली मुलगी आपल्या दोन वर्षांच्या कामाची ओळ स्वतःच्या अक्षरात लिहून परत जाते, तेव्हा त्या अर्ध्या तासाचे चीज होते. नोकरी त्या अर्जाने मिळेल किंवा मिळणार नाही. पुढचा अर्ज मात्र ती कोणाकडून लिहून घेणार नाही.