‘नेबरहूड’च्या चौकटीतलं एक वाक्य

ते वाक्य आधीच सांगून टाकते. ‘मंदिर, भारतीय किराणा दुकानं आणि रेल्वे स्टेशन जवळ असल्यामुळे इथल्या घरांना भारतीय कुटुंबांकडून चांगली मागणी आहे.’ लिहिलं होतं इंग्रजीत, पण अर्थ हाच. सप्टेंबर २०२१ मध्ये एका टाऊनहाऊसचं अप्रेझल, म्हणजे कर्जासाठीचं मूल्यांकन, करताना पहिल्या पानावरच्या ‘नेबरहूड डिस्क्रिप्शन’च्या चौकटीत मी ते घातलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्या भागात मी स्वतः राहते. मेथीची जुडी त्याच दुकानातून आणते, गणपतीत आरतीला त्याच मंदिरात जाते.

त्या वाक्यापायी माझे नऊ महिने गेले, निम्मं उत्पन्न गेलं आणि चौदा वर्षं निष्कलंक ठेवलेल्या लायसन्सवर चौकशी लागली. कोणत्या राज्यात आणि कोणत्या कंपनीमुळे, ते इथे लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पण एडिसनच्या ओक ट्री रोडपासून शिकागोच्या डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूपर्यंत आपली मुलंमुली आता या धंद्यात येताहेत. त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. मन मोकळं व्हावं म्हणूनही लिहिते आहे, ते लपवत नाही.

रिपोर्ट मी वेळेत दिला होता. पहिल्या आवृत्तीत हे वाक्य नव्हतंच. दुसऱ्या दिवशी रात्री नऊनंतर एएमसीच्या, म्हणजे लेंडर आणि अप्रेझर यांच्यामधल्या अप्रेझल मॅनेजमेंट कंपनीच्या, पोर्टलवर रिव्हिजनची मागणी आली: नेबरहूडचं वर्णन साचेबंद आहे, या भागात मागणी का आहे ते नेमकं लिहा. त्या आठवड्यातली त्या कंपनीची ती तिसरी रिव्हिजन. घर घेणाऱ्याकडून अप्रेझलचे ६५० डॉलर घेतलेले, त्यातले माझ्या हातात ३७५ येणार, आणि रिव्हिजनचे पैसे कुणीच देत नाही. मी नेमकं लिहिलं. दहा मिनिटांत ‘अ‍ॅक्सेप्टेड’ आलं. लोन क्लोज झालं, घरात माणसं राहायला गेली, मी विसरले.

जुलै २०२२ मध्ये राज्याच्या अप्रेझर बोर्डाचं रजिस्टर्ड पाकीट आलं. पोस्टमनने सही घेतली तेव्हा वाटलं, लायसन्सच्या नूतनीकरणाचं काही असेल. आत माझ्याच रिपोर्टचं पहिलं पान होतं आणि त्या वाक्यावर पिवळा मार्कर फिरवलेला. तक्रार लेंडरने केली होती: वर्णनात धर्माचा आणि मूळ देशाचा उल्लेख. वीस दिवसांत खुलासा आणि संपूर्ण वर्कफाइल, म्हणजे रिपोर्टमागचे सगळे कागद, पाठवा.

ओट्यापाशी उभी राहून मी ते वाक्य दहा वेळा वाचलं असेल. यात वाईट काय, तेच कळेना. मी आपल्या लोकांबद्दल चांगलंच लिहिलं होतं की! मग नजर जरा वर सरकली. फॉर्म १००४ वर ‘नेबरहूड’ या विभागात, माझ्या चौकटीच्या वर, बारीक टायपात एक ओळ छापलेली असते: वंश आणि वस्तीची वांशिक रचना हे अप्रेझलचे निकष नाहीत. मी तोवर तीनेक हजार फॉर्म भरले असतील. ती ओळ तिथे प्रत्येक वेळी होती. ती मला दिसायची बंद कधी झाली, आठवत नाही.

हातातला चहा तसाच ओतून दिला. त्या क्षणापर्यंत मी लेंडरवर चिडले होते. त्यानंतर मला भीती वाटली.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. या नियमामागे काय आहे ते मी नंतर वाचलं, खरं तर परवाना घेतानाच कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. १९३४ मध्ये सुरू झालेल्या एफएचएने, म्हणजे फेडरल सरकारनेच, आपल्या मॅन्युअलमध्ये मूल्यांकन करणाऱ्यांना शिकवलं होतं की वस्तीत ‘न जुळणाऱ्या’ वंशाची माणसं येणार असतील तर जागेचा दर्जा खाली धरा. काळ्या लोकांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगवल्या गेल्या. तिथे कर्ज मिळेना, घर हाच ज्यांचा संसार उभा करायचा एकमेव मार्ग त्यांच्या दोन पिढ्या मागे पडल्या. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने हे बेकायदा ठरवलं. आता माणसांवरून घराची मागणी चढते असं लिहिलं, तर माणसांवरून ती उतरते हेही त्याच शाईत लिहिलं जातं. हे मला पटलं, आणि मनापासून पटलं. माझं भांडण आहे ते हा नियम राबवताना बोट कुणाकडे दाखवलं गेलं, याच्याशी.

अप्रेझर म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक, असं आपण सांगतो. प्रत्यक्षात डोक्यावर किती जण बसलेत ते त्या नऊ महिन्यांत मला कळलं. सेव्हिंग्ज अँड लोन संस्था बुडाल्या तेव्हा १९८९ मध्ये ‘फिरिया’ कायदा झाला. तेव्हापासून लायसन्स राज्य देतं, पण राज्याच्या बोर्डावर वॉशिंग्टनमधली अप्रेझल सबकमिटी लक्ष ठेवते. तक्रार आली की खास कारण नसेल तर वर्षाच्या आत निकाली काढा, हे तिचं धोरण. त्यामुळे ‘किरकोळ आहे, सोडून द्या’ असं बोर्डाला सहज म्हणता येत नाही, फाइल चालवावीच लागते. राष्ट्रीय रजिस्ट्रीसाठी वर्षाला ४० डॉलर आपल्याकडून जातात ते याच सबकमिटीला. त्या रजिस्ट्रीत नाव ‘अ‍ॅक्टिव्ह’ नसेल तर बँकेच्या कामातून आपण बाद.

आणि आपला रिपोर्ट फक्त लेंडर वाचतो हा समज तर आधी डोक्यातून काढून टाका. गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅकसाठीचा प्रत्येक रिपोर्ट त्यांच्या पोर्टलमध्ये जातो आणि शब्द न् शब्द साठवला जातो. त्या दोघांवर देखरेख करणाऱ्या एफएचएफएने डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं की लाखो रिपोर्टांमधला मोकळा मजकूर चाळला, त्यात वंश, धर्म, मूळ देश यांचे उल्लेख सापडले. मार्च २०२२ मध्ये अप्रेझलमधल्या भेदभावावर व्हाइट हाउसच्या ‘पेव्ह’ टास्क फोर्सचा आराखडा आला. लेंडर हादरले आणि जुन्या फायली उपसू लागले. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यानुसार अप्रेझरने नियम मोडल्याचं सबळ कारण दिसलं तर लेंडरला राज्याच्या बोर्डाकडे कळवावंच लागतं. तेव्हा लेंडरने जे केलं ते त्याचं कामच होतं, एवढं मी मान्य करते.

पण एएमसी? ज्या माणसाने मला ‘मागणी का आहे ते लिहा’ म्हणून सांगितलं, ज्या माणसाने ते वाचून स्वीकारलं, त्याचं नाव त्या अख्ख्या प्रकरणात कुठेही नाही. ऑगस्टपासून त्यांच्या ऑर्डर बंद झाल्या. महिन्याला बारा-तेरा यायच्या, त्या शून्यावर आल्या. फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅम, तुमचं प्रोफाइल अ‍ॅक्टिव्ह आहे.” पाच वेळा फोन केला, पाचही वेळा हेच उत्तर. बऱ्याच राज्यांत एएमसीने अप्रेझरला पॅनेलवरून काढायचं तर लेखी कारण द्यावं लागतं, उत्तर द्यायची संधी द्यावी लागते. यांनी काढलंच नाही. काम द्यायचं थांबवलं. रिव्हिजनचा तो निरोप पोर्टलवर शोधला, तर जुन्या ऑर्डरी ‘अर्काइव्ह’ झालेल्या. मागितला, तर उपलब्ध नाही. २००८ च्या पडझडीनंतर लोन ऑफिसरने अप्रेझरवर दबाव आणू नये म्हणून मध्ये भिंत घातली गेली, आणि त्या भिंतीत या कंपन्या जाऊन बसल्या. आकडा वाढवायला कुणी दबाव आणला तर फेडरल कायद्यात दिवसाला हजारो डॉलरचा दंड आहे. वाक्य वाढवायला लावलं तर काहीच नाही.

मला वाचवलं ते माझ्या सुपरवायझरने लावलेल्या सवयीने. त्यांच्या हाताखाली मी उमेदवारीचे २,५०० तास काढले. म्हातारा रागीट होता, पण रिपोर्टची प्रत्येक आवृत्ती तारीखवेळ घालून वेगळी ठेवायला त्यांनीच शिकवलं. पहिली आवृत्ती, वाक्य नाही. दुसरी आवृत्ती, वाक्य आहे. मध्ये माझ्या ईमेलमध्ये रात्री ९.१२ ची फक्त सूचना, ‘तुमच्यासाठी पोर्टलवर संदेश आहे.’ एवढाच धागा. आणि मुख्य म्हणजे किंमत. तिन्ही कॉम्प्स, म्हणजे तुलनेला घेतलेल्या विक्री, त्याच सबडिव्हिजनमधल्या, लोकेशनचं अ‍ॅडजस्टमेंट शून्य. त्या वाक्याचा एक डॉलरही आकड्यात शिरला नव्हता. हे बोर्डाने पाहिलं. शिक्षा झाली नाही. समज देणारं पत्र आणि फेअर हाउसिंगचा सात तासांचा कोर्स, एवढ्यावर फाइल बंद झाली.

आता जे शिकले ते सांगते, जसं आठवेल तसं.

पत्र आलं त्या रात्री उत्तर लिहू नका. मी लिहिलं होतं, चार पानं. त्यात एक वाक्य होतं, ‘मी स्वतः भारतीय आहे, मी भारतीयांशी भेदभाव कशी करीन?’ वकिलाने ते वाचून पानं माझ्याकडे परत सरकवली. तुमचा हेतू कुणी विचारलेलाच नाही, मजकूर विचारलाय, असं म्हणाला. आणि त्या वाक्याने तर मी वस्तीतल्या माणसांचा विचार करूनच लिहिलं होतं, हे माझ्याच सहीने सिद्ध झालं असतं. शेवटी पाठवलेलं उत्तर दीड पानाचं होतं, नुसत्या तारखा आणि जोडपत्रं.

वकिलाच्याही आधी ई अँड ओ, म्हणजे व्यावसायिक चुकांच्या, विमा कंपनीला फोन करा. बोर्डाचं पत्र आलं की ठरल्या मुदतीत कळवायची अट बहुतेक पॉलिसींत असते. मी अकरा दिवस घालवले, थोडक्यात बचावले.

पोर्टलवरच्या प्रत्येक निरोपाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या आणि वर्कफाइलमध्ये टाका. यूस्पॅप, म्हणजे अप्रेझरांची राष्ट्रीय मानकं, त्याप्रमाणे वर्कफाइल निदान पाच वर्षं ठेवायची असते, कोर्टात साक्ष दिली असेल तर प्रकरण संपल्यावर आणखी दोन वर्षं, यातली जी मुदत उशिरा संपेल तोवर. एएमसी जुने निरोप काढून देईलच असं नाही, हे मी माझ्या अनुभवावरून लक्षात ठेवलं आहे. फोनवर काही सांगितलं तर ‘आत्ताच आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून लगेच ईमेल टाका.

नेबरहूडच्या चौकटीत माणूस येता कामा नये. ‘कुटुंबांसाठी उत्तम’ नको, कारण घरात मुलं असणं-नसणं हेही कायद्याने संरक्षित आहे. मंदिर, चर्च, मशीद नको. ‘सुरक्षित’, ‘प्रतिष्ठित’, ‘चांगल्या शाळा’ हे शब्दही मी टाकून दिले, ती मतं आहेत. २०२४ च्या यूस्पॅपमध्ये तर भेदभावाबद्दलचा स्वतंत्र भागच आला आहे. मागणी दाखवायची तर एमएलएसवरून, म्हणजे घरविक्रीच्या नोंदींवरून, दाखवा: बारा महिन्यांत किती विक्री, बाजारात किती दिवस, आज किती घरं विक्रीला, स्टेशन किती मैलांवर. माझं ते वाक्य आज मी असं लिहिते: ‘सबडिव्हिजनमध्ये गेल्या १२ महिन्यांत ११ विक्री, मध्यक कालावधी १९ दिवस, स्टेशन ०.८ मैल.’ आणि आकडा कुठून घेतला ते.

ऑर्डर आली की पहिल्यांदा लोन कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. एफएचए असेल तर अ‍ॅटिकमध्ये डोकं घालावंच लागतं, आणि १९७८ आधीच्या घराचा सुटलेला रंग नोंदवावाच लागतो. व्हीए, म्हणजे माजी सैनिकांसाठीचं, असेल आणि किंमत करारापेक्षा कमी येतेय असं वाटलं तर ‘टाइडवॉटर’चा निरोप द्या, समोरच्याला आणखी विक्रीनोंदी द्यायला दोन कामाचे दिवस मिळतात. बाकी तब्येत सांभाळा, कामं आवाक्यात घ्या, एकाच कंपनीवर संसार चालवू नका. शेवटचं मी आधी केलं असतं तर ऑगस्ट इतका कठीण गेला नसता.

घर घेणाऱ्या आपल्या मंडळींनाही एक सांगायचं आहे. अप्रेझलची प्रत क्लोजिंगच्या तीन कामाचे दिवस आधी तुम्हाला मिळाली पाहिजे, कायदाच आहे. फक्त आकडा बघून फाइल बंद करता, तसं करू नका. पहिलं पान वाचा. तुमच्या वस्तीबद्दल, तुमच्या शेजाऱ्यांबद्दल कुणी काही लिहिलंय का ते बघा. चांगलं लिहिलं असलं तरी लेंडरला विचारा.

गेल्या महिन्यात त्या कंपनीची ऑर्डर आली. तीन वर्षांत पहिली, चार बेडरूमचं घर, माझ्यापासून दोन मैलांवर. मी ‘डिक्लाइन’ केली. कारण निवडायची यादी असते: फी, वेळ, अंतर, इतर. ‘इतर’ निवडलं आणि लिहिलं, ‘ऑगस्ट २०२२ पासून काम का थांबवलं याचं लेखी उत्तर मिळाल्यावर पुढचं बोलू.’ त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.